भट्टीपासून तीन महिने

आत्यांनी बैठक बोलावली की घरात दोनदा चहा होतो. पहिला आत्यांना एकटीला, बाकीचे यायच्या आत, त्यांचं डोकं शांत राहावं म्हणून. दुसरा सगळ्यांना, आणि तो गार होतो. सहा वर्षांत थोरल्या सुनेने हे इतक्यांदा पाहिलं होतं की आज तिने दुसऱ्या चहाचं आधण ठेवलंच नाही.

"चहा?" आत्यांनी विचारलं.

"बोलणं झाल्यावर ठेवते."

आत्यांनी चष्म्यावरून पाहिलं. रविवारचे दहा वाजत होते. खाली ओतशाळा बंद होती. शनिवारी संध्याकाळी भट्टी विझवली तरी वरच्या खोलीची फरशी रविवारी दुपारपर्यंत पायाला कोमट लागते, आणि थंडीच्या दिवसांत या घरातली माणसं त्याला सुख म्हणतात. रस्त्याकडची खिडकी उघडी होती. समोर मालट्रकांची रांग, इंजिनं चालूच. थोरलीने नऊला पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं तर बोट काळं झालं. तिने ते साडीच्या आतल्या बाजूला पुसलं.

अण्णा, तिचे सासरे आणि आत्यांचे भाऊ, आपल्या खुर्चीत. सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या आई, भिंतीला टेकून खाली. दाराजवळच्या स्टुलावर काका, अण्णांचे धाकटे भाऊ, भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरातून आलेले. त्यांच्या मागे त्यांची सून, जिला सगळे धाकटी म्हणत, मांडीवर दोन वर्षांची मुलगी घेऊन. आणि पलंगाच्या कडेला थोरलीचा नवरा. वय छत्तीस, दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग, तरी घरात त्याचं नाव बाळच.

काल संध्याकाळी थोरलीने त्याला एकच गोष्ट सांगितली होती. "कागद मी ठेवीन. पण सांगायचं तू. तुझ्या तोंडाने."

"बघू," तो म्हणाला होता.

लग्नाच्या सहा वर्षांत तिने हा 'बघू' इतका ऐकला होता की त्याचा अर्थ कुठल्याही भाषेत 'नाही' असाच होतो हे तिला ठाऊक होतं. तरी तिने आशा सोडली नव्हती. आशा ही एक चिवट गोष्ट असते. माणूस वैतागला तरी ती वैतागत नाही.

"विषय एकच," आत्यांनी सुरुवात केली. "पोरीला चौथ्यांदा ती इंजेक्शनं द्यायची, की आता दुसरा काही मार्ग बघायचा."

"पोरगी इथंच बसली आहे," थोरली म्हणाली.

"अगं, तुझ्या भल्याचंच बोलतोय. माझ्या नणंदेच्या जावेला अकराव्या वर्षी झालं. तिने थंड पाण्याने..."

"आत्या, माझ्या नळ्या तपासून झाल्या. पोटात दुर्बीण घालून झाली. तीनदा दहा-दहा दिवस सुया टोचून झाल्या. मला काही झालेलं नाही. हे चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"मग होत का नाही?" अण्णांनी विचारलं. त्यांचा स्वर वाईट नव्हता. साच्यात पितळ नीट का उतरलं नाही हे विचारावं, तसा होता.

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या तळहातावरच्या डागाकडे पाहत होता, जणू तो आजच उमटला आहे. तिने पाच मोजले. मग पदराआडून घडीचा कागद काढून मधल्या टेबलावर ठेवला.

"ह्यांची तपासणी झाली. दोनदा, महिन्याच्या अंतराने. बीजाची संख्या कमी आहे आणि जे आहे ते मंद आहे."

बाहेर एका ट्रकने गिअर बदलला.

"कोणाची?" आत्यांनी विचारलं.

"ह्यांची."

"बाळची?"

"घरात दुसरा नवरा नाही मला, आत्या."

"असलं बोलायचं नसतं गं!" आत्यांचा हात आपोआप तोंडाकडे गेला. "बायकांच्या देखत... आणि तपासणी कशाला केली? आपल्या घराण्यात पुरुषांना तपासायची वेळ आली नाही कधी. तुझ्या आजेसासऱ्यांना सात."

"म्हणूनच सहा वर्षं गेली. पहिल्याच डॉक्टरांनी ह्यांच्या नावाची चिठ्ठी दिली होती. ती शर्टाच्या खिशात राहिली आणि धुऊन निघाली. दुसरी दिली, तीही धुतली. तिसऱ्या वेळी मीच खिसा तपासून काढली, तर म्हणाले, बघू."

काका हसले. एकटेच. मग त्यांनी हसणं आवंढ्यासारखं गिळलं.

"त्याला सांग आक्का," अण्णा बहिणीला म्हणाले, भावाकडे न बघता, "हसायचं असेल तर आपल्या घरी जाऊन हस म्हणावं."

"मी हसलो नाही म्हणून सांग त्याला," काका म्हणाले.

दोघांच्या मध्ये सहा फूट अंतर होतं. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. वाटणी झाल्यापासून दोन्ही भाऊ एकमेकांशी आत्यांमार्फतच बोलत. आत्या आजारी पडल्या तेव्हा तीन आठवडे दोन्ही घरांत अबोला होता.

"आणि कारण?" अण्णांनी कागद न उचलता विचारलं. "कारण दिलं असेलच डॉक्टरांनी. आजकाल कारणं फुकट मिळतात."

"डॉक्टरबाईंनी विचारलं, काम काय करता? ह्यांनी सांगितलं, पितळ ओततो. कशावर? जळक्या तेलाच्या भट्टीवर. किती वर्षं? एकोणिसाव्यापासून. धूर कुठून जातो? पुढच्या शटरमधून. शटरसमोर काय आहे? ट्रकचा रस्ता." थोरली एकेक वाक्य टेबलावर ठेवल्यासारखं बोलत होती. "तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हवेतले बारीक कण, गाड्यांचा धूर, धातूची वाफ आणि वर भट्टीची आच, ह्याचा पुरुषाच्या बीजावर परिणाम होऊ शकतो असं अभ्यासात दिसतंय. तुमच्याच बाबतीत हेच कारण असं मी सही करून देणार नाही. पण दुसरं काही सापडत नाहीये. बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढे दिवस भट्टीपासून लांब राहा, मग पुन्हा तपासू. कदाचित फरक पडेल."

"कदाचित!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंत? कदाचित. म्हणजे त्यांनाही माहीत नाही."

"कदाचित म्हणजे होईलही," काका म्हणाले.

"कदाचित म्हणजे नाही," आत्या म्हणाल्या. "डॉक्टर तोंडावर नाही म्हणत नाहीत."

"कदाचित म्हणजे कदाचित!" थोरलीचा आवाज चढला. "तीन वेळा सुया टोचताना मलाही कदाचितच सांगितलं होतं. तेव्हा कोणी विचारलं नाही की कदाचित म्हणजे काय. तेव्हा सगळ्यांना कदाचित पुरत होतं. आता सुई नाहीये, फक्त भट्टीपासून लांब राहायचंय, तर सगळ्यांना खात्री हवी!"

तिला वाटलं होतं, आता तरी तो मान वर करील. पण त्याने डावा तळहात सोडून उजव्याकडे पाहायला सुरुवात केली होती.

*

अण्णांना भट्टी कोणी शिकवली नव्हती. वडिलांच्या शेजारी उभं राहून, पितळाचा रंग बघत ते मोठे झाले. मुशीतला रस नारिंगीवरून पिवळ्याकडे सरकतो आणि त्यावर जस्ताचा पांढरा धूर उठतो, त्या घटकेला मूस उचलायची. आधी नाही, नंतर नाही. हा रंग ओळखणारी दोनच माणसं आता ओतशाळेत होती. एक ते स्वतः, पण दोन वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी त्यांना आचेजवळ जायला बंदी केलेली. दुसरा बाळ.

आणि आता ही म्हणते तीन महिने.

पंपांचे पंखे ओतून द्यायचे आहेत. साचे भरलेले आहेत. पण अण्णांच्या छातीत जे दुखलं ते पंख्यांसाठी नव्हतं. धुराचं बोलणं निघालं की त्यांना पूर्वेची खिडकी आठवे.

"एक विचारू?" थोरली आता शांत झाली होती, आणि अण्णांना तिची शांतता जास्त जड गेली. "ओतशाळेत पूर्वेच्या भिंतीत एवढी मोठी खिडकी होती. चौकट अजून दिसते. तिथे धूर ओढणारा पंखा होता म्हणे. ती विटा घालून का बुजवली?"

धाकटीने मुलीच्या तोंडात बिस्कीट दिलं.

"ती खिडकी त्याच्या अंगणात उघडते," अण्णा म्हणाले. "वाटणीत अंगण त्याला गेलं. मी वडिलांना शब्द दिला होता. त्यांच्या उशाशी बसून. भावाच्या अंगणात धूर टाकणार नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी आणला."

"बाबांनी मागितला होता शब्द?" काकांनी विचारलं. आत्यांकडे बघून नाही. सरळ अण्णांकडे.

अण्णा गडबडले. सव्वीस वर्षांनी भावाचा आवाज थेट अंगावर आला होता. "मागितला नाही. मी म्हणालो, त्यांनी मान हलवली."

"दादा, शेवटच्या वर्षी बाबांची मान सारखीच हलायची. पाणी हवंय का विचारलं तरी हलायची, नको का विचारलं तरी हलायची."

आत्यांनी डोळे मिटले. "हलायची रे," त्या पुटपुटल्या. "मी त्यांना एका दुपारी तीन वेळा जेवू घातलं होतं त्या मानेपायी."

"मी तर काही मागितलंच नव्हतं," काका आता स्टुलावरून उठले. "मी सकाळी उठलो तर खिडकीच्या जागी विटा. ओल्या. मला वाटलं, माझ्या अंगणातला वारासुद्धा ह्याला नकोसा झाला. तेव्हापासून मी बोलणं टाकलं!"

"आणि मला वाटलं, एवढं तुझ्यासाठी केलं, धूर आपल्या पोटात घेतला, आणि हा साधं बरं केलंस म्हणत नाही. म्हणून मी टाकलं!"

दोन म्हातारे एकमेकांसमोर उभे होते, आणि दोघांनाही राग कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. इतकी वर्षं जपलेली वस्तू हातात घ्यावी आणि ती आतून पोकळ निघावी, तसं काहीसं.

थोरलीला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. "म्हणजे शब्द कोणी मागितला नव्हता. ज्याच्यासाठी पाळला त्याला तो नको होता. आणि धूर कोणी खाल्ला? ज्याला कोणी विचारलंच नाही, त्याने."

"उघडा ती खिडकी," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम थोर मनाचा डौल आला. "आज उघडा. माझं अंगण आहे, माझी परवानगी आहे. धूर येऊ दे माझ्याकडे. पोराचं भलं होत असेल तर..."

"थांबा," धाकटी म्हणाली.

ती बैठकीत कधी बोलत नसे. सगळ्यांनी वळून पाहिलं तशी तिने मुलीला घट्ट धरलं, पण बोलायची थांबली नाही.

"अंगण आता कुठे आहे, मामंजी? तिथे तुम्ही खोली बांधलीत. त्या खिडकीला लागून माझ्या मुलांचा पलंग आहे. दोघंही तिथे झोपतात. तुम्ही मोठ्या मनाने हो म्हणालात, पण धूर तुमच्या मनात जाणार नाहीये, ह्या पोरांच्या नाकात जाणार आहे."

काकांचा डौल उतरला. खोली स्वतः बांधलेली, तिच्या विटा स्वतः मोजून घेतलेल्या, आणि आत्ता परवानगी देताना त्यांना ती आठवलीही नव्हती.

"बघा!" अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काही उमटलं. "म्हणूनच बुजवली होती मी. मला आधीच माहीत होतं."

"तेव्हा खोली नव्हती, अण्णा!" आत्यासुद्धा आता वैतागल्या. "तेव्हा तिथे पेरूचं झाड होतं!"

धाकटी थोरलीकडे बघत होती. आता ही आपल्याला काय बोलेल, ह्या भीतीने. मूल असलेली बाई मूल नसलेल्या बाईच्या आड आली होती, आणि ते दोघींनाही दिसत होतं.

"बरोबर आहे तिचं," थोरली म्हणाली. "खिडकी नको. माझ्या होणाऱ्या लेकरासाठी तिच्या झालेल्या लेकरांना धूर पाजायचा नाही."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीला तेही नको होतं. तिला कोणाचं पाणी नको होतं, तिला एक माणूस बोलायला हवा होता.

*

आई इतका वेळ बोलल्या नव्हत्या. त्यांचं बोलणं तसंही हळू. त्या बोलायला लागल्या की माणसांना गप्प व्हावं लागे, ऐकू यावं म्हणून.

"सरळ वर धुराडं का नाही काढलं?" त्या म्हणाल्या.

"काय?" अण्णा.

"भट्टीच्या वर सरळ. छपराच्याही वर. म्हणजे भावजींकडे नाही, आपल्याकडेही नाही."

"अगं, भट्टीच्या बरोबर वर तुझे देव आहेत! तुझा कोनाडा. पाइप तिथूनच जाईल. तेव्हाच गवंडी म्हणाला होता. मी त्याला गप्प बसवलं. म्हटलं, देव हलणार नाहीत. ती रोज पहाटे तिथे बसते. तिला सांगायची माझी छाती नाही."

"मला विचारलं होतंत?"

"त्यात विचारायचं काय!"

"मी हो म्हटलं असतं. देव कुठेही बसतात. माझे गुडघे तर त्या कोपऱ्यात तसेही मावत नाहीत." आईंनी मांडीवरचा पदर सरळ केला. "एक सांगायचंय. मी गेल्या महिन्यात आठ दिवस दिवा लावला नाही."

आत्या ताठ बसल्या. नातवंड नसण्यापेक्षा, त्या कागदापेक्षा, सव्वीस वर्षांच्या अबोल्यापेक्षा हे वाक्य त्यांना जोरात लागलं. "तू? लग्न होऊन आल्यापासून तुझा दिवा एक दिवस चुकला नाही! बाळंतपणातसुद्धा तू मला लावायला लावलास!"

"हो. पण रोज सकाळी देव पुसते तर कापड काळं होतं. मला वाटायचं, काजळी दिव्याची. चाळीस वर्षं मी दिव्यालाच बोल लावला. वात बारीक केली, तेल बदललं. मग सूनबाईंनी मला डॉक्टरांचं सगळं सांगितलं, तेव्हा मनात शंका आली. म्हटलं, खरं करून बघावं. आठ दिवस दिव्याशिवाय बसले. नुसते हात जोडले." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "कापड तेवढंच काळं झालं. आठही दिवस. काजळी दिव्याची नव्हतीच. खालून येत होती, बाहेरून येत होती. देवांच्या अंगावर बसत होती, तर ह्यांच्या छातीत बसत नसेल? बाळच्या बसत नसेल?"

"म्हणजे तू देवाची परीक्षा घेतलीस," अण्णा म्हणाले.

"देवाची नाही हो. धुराची."

थोरलीने सासूबाईंकडे पाहिलं. तिला त्या आठ सकाळी आठवल्या. पहाटे कोनाड्यात अंधार, आणि आई आत बसलेल्या. तिला वाटलं होतं, डोळे दुखत असतील म्हणून दिवा लावत नसतील. तिनेही विचारलं नव्हतं. ह्या घराची हवा अंगाला लागते म्हणतात ती अशी.

"देव माझ्या खोलीत आणा," धाकटी हळूच म्हणाली. "पूर्वेची भिंत रिकामी आहे. आईंना खुर्चीवर बसता येईल."

"आणि पाइप मी चढवतो," काका म्हणाले. "आधाराचा खांब माझ्या बाजूने द्यावा लागेल. देतो."

"गवंडी तोच आणू नका," आत्या म्हणाल्या. "तो कोणाला विचारतच नाही."

अचानक सगळे पाइपबद्दल बोलू लागले. किती इंची, किती उंच, वर टोपी हवी की नको. अण्णासुद्धा बोटांनी हवेत माप घेऊ लागले. काकांनी पाठीमागे हात बांधले, अण्णांनीही बांधले. दोघे अगदी सारखे दिसत होते. घराला तोडगा सापडला होता, आणि तो पत्र्याचा होता, हाताने धरता येण्यासारखा. सगळ्यांना केवढं हलकं वाटलं.

थोरली त्या गोंगाटाच्या मधोमध उभी होती. टेबलावरचा कागद अजून घडी घातलेलाच होता. काकांनी बोलता बोलता चष्म्याचं घर त्यावर ठेवलं.

*

बाळने ते चष्म्याचं घर पाहिलं.

तो एकोणिसाव्या वर्षापासून भट्टीजवळ उभा राहिला आणि तिथे त्याला एक गोष्ट आवडायची. आवाज. तेलाच्या ज्वाळेचा आवाज एवढा मोठा असतो की कोणी काही विचारलं तरी ऐकू येत नाही. माणूस नुसती मान हलवतो आणि समोरचा जातो. सहा वर्षं त्याने बायकोला तशीच मान हलवून दाखवली होती. ती तपासून घ्यायला जायची तेव्हा तो खाली भट्टी पेटवायचा. ती परत येऊन जिन्यावर बसायची, पोटाला हात लावून, आणि तो खालून बघायचा. वर यायचा नाही, कारण वर आवाज नव्हता.

आता सगळे बोलत होते आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. त्याला वाटलं, संपलं. सुटलो. पाइप चढेल, तीन महिने मी साचे भरीन, लोक म्हणतील धुराडं बांधलं म्हणून भट्टी बंद होती. कोणाला काही सांगायला नको.

मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती चहाचे कप काढायला वळली होती. बोलणं झाल्यावर चहा ठेवते म्हणाली होती; म्हणजे तिच्या लेखी बोलणं झालं होतं.

त्याच क्षणी त्याचा फोन वाजला. पंपवाले शेठ. रविवारीही त्यांना चैन नसते.

"उचलू नको," अण्णा म्हणाले. "म्हणावं, सोमवारी माल देतो."

बाळने उचलला. उभा राहिला.

"हां, बोला शेठ... नाही. सोमवारी नाही होणार... पुढच्या सोमवारीही नाही. तीन महिने ओतकाम बंद आहे... नाही, भट्टीला काही झालेलं नाही. भट्टी ठीक आहे. मला झालंय."

पाइपची उंची दाखवणारे काकांचे हात हवेतच राहिले.

"...नाही, ताप नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल होत नाही. बायकोत दोष नाही. माझ्यात आहे. तपासलं, दोनदा. धुराने असेल, आचेने असेल, डॉक्टर म्हणतात कदाचित. म्हणून तीन महिने लांब राहणार आहे... हो. मीच सांगतोय, म्हणून खरं आहे... हरकत नाही, दुसऱ्याकडून ओतून घ्या. नंतर जमलं तर या."

त्याने फोन ठेवला. मान लाल झाली होती, जशी मूस उचलल्यावर होते. काकांच्या चष्म्याचं घर त्याने उचलून काकांच्या हातात दिलं, कागद घेतला, उघडला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला.

"वाचा," तो म्हणाला. "माझा आहे."

आत्यांनी तोंडाला पदर लावला. आईंनी मात्र मुलाकडे सरळ पाहिलं आणि डोळे मिटून क्षणभर हात जोडले, कोनाड्याकडे नाही, जिथे बसल्या होत्या तिथेच.

थोरली कप घेऊन दारात उभी होती. तिला वाटलं होतं, तो बोलला की आपण रडू, किंवा मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. आधी आला तो संताप, सहा वर्षांचा, सगळाच्या सगळा.

"अरे, हे एवढंच होतं ना?" सगळ्यांसमोर ती त्याला पहिल्यांदाच 'अरे' म्हणाली. "दोन मिनिटं लागली तुला! दोन मिनिटं! तीस सुया टोचल्या मला!"

"हो," तो म्हणाला. "टोचल्या."

त्याने पुढे काही जोडलं नाही. 'बघू' नाही, 'पण' नाही. ती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने एक रिकामा कप त्याच्यापुढे धरला, दुसरा, तिसरा. आणि तो ते घेऊन मुकाट्याने तिच्या मागे स्वयंपाकघराकडे निघाला.

अण्णांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. आकडे त्यांना कळले नाहीत. पण वरचं नाव कळलं. त्यांनीच बारशाला ठेवलेलं, आणि घरात कोणी न वापरलेलं. त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली, आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून खिशात ठेवली. मग खिशातून काढून हातातच धरली.

"पण मी म्हणतो," ते अखेर म्हणाले, चिडून, हताश होऊन, कोणाकडेच न बघता, "घरात बोलला ते ठीक. परक्या माणसाला, फोनवर, हे सगळं सांगायची काय गरज होती?"

"होती," स्वयंपाकघरातून थोरली म्हणाली.